भाड्याची नोटीस



पोस्टमन रजिस्टर नोटीस आणतो तेव्हा दाराशी बहुधा आपणच असतो. माझे सांगणे एकच : ती परत पाठवू नका. नाकारलेली नोटीस पोचलीच, असे कोर्ट धरते. घेऊन तीवर तारीख घाला.

नोटीस म्हणजे घर सोडण्याचा हुकूम नव्हे. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे, तेथे थकलेल्या भाड्यासाठी मालकास नोटिशीनंतर ९० दिवस दावा लावता येत नाही. तेवढ्यात भाडे फेडावे, पावती घ्यावी. दावा लागलाच, तर समन्सापासून ९० दिवसांत थकबाकी, सालिना १५ टक्के व्याज व खर्च कोर्टात भरावा आणि निकालापर्यंत भाडे नेमाने देत राहावे. मग थकबाकीपायी घर जात नाही.

तेव्हा भगिनींनो, पावत्या दागिन्यांसारख्या जपा.