राजा गेला, राजेपण राहिले

(अभ्यासवर्गातील भाषण)



आठव्या एडवर्डच्या राज्यत्यागावरील 'अ किंग्ज स्टोरी' हा १९६५ चा अनुबोधपट आपण आताच पाहिला. ऑर्सन वेल्स यांचे भारदस्त निवेदन आणि खुद्द माजी राजाचे कथन यांमुळे तो मनाची पकड घेतो. प्रेमासाठी साम्राज्यावर पाणी सोडणारा पुरुष कोणाला आवडणार नाही? परंतु समाजवाद्याने येथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत : राजाने नेमके काय सोडले, आणि त्यामुळे काय बदलले?

त्याने सोडले ते सिंहासन, संपत्ती नव्हे. वारशाने आलेल्या बाल्मोरल व सँड्रिंगहॅम या मालमत्तांचे मोल त्याने धाकट्या भावाकडून, म्हणजे नव्या राजाकडून, घेतले.

नोव्हेंबर १९३६ मध्ये हा राजा दक्षिण वेल्समधील डाउलेस येथे गेला होता. पोलादाचा कारखाना बंद, माणसे वर्षानुवर्षे बेकार. यांच्यासाठी काही तरी केले पाहिजे, असे तो कळवळून म्हणाला. तो कळवळा खोटा मानण्याचे कारण नाही. पण त्या वेळी ब्रिटनमध्ये पंधरा लाखांहून अधिक लोक बेकार होते, आणि राजाच्या हाती ना अर्थसंकल्प होता ना धोरण. महिना उलटण्यापूर्वीच तो राजा राहिला नाही. बेकार मात्र बेकारच राहिले.

११ डिसेंबर १९३६ रोजी पार्लमेंटने एका दिवसात राज्यत्यागाचा कायदा संमत केला. पंतप्रधान बॉल्डविन यांना व्यक्तीपेक्षा गादी वाचवायची होती, आणि ती वाचली. मजूर पक्षाच्या नेतृत्वानेही त्यांनाच साथ दिली. स्वतंत्र मजूर पक्षाचे जेम्स मॅक्स्टन यांनी प्रजासत्ताकाची दुरुस्ती मांडली, तिला अवघी ५ मते पडली. त्याच दिवशी आयर्लंडने मात्र आपल्या राज्यघटनेतून राजाचे नाव काढून टाकले. संधी एकच होती. तयारी असलेल्यांनी ती साधली.

याच युवराजाच्या आगमनावर १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत बहिष्कार घातला गेला होता, हे येथे स्मरावे. त्या वेळीही प्रश्न माणसाचा नव्हता, सत्तेचा होता.

ज्या आत्मचरित्रावर हा अनुबोधपट बेतला आहे, ते राज्यत्यागापाशी थांबते. इतिहास थांबत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये हा माजी राजा जर्मनीत जाऊन हिटलरला भेटला. बेकारांविषयी कळवळा वाटणारा माणूस त्यांच्या संघटना चिरडणाऱ्याचा पाहुणचार घेऊ शकतो. कारण दयेला राजकीय दिशा नसते. वेल्सच्या कोळसाखाणी १९४७ मध्ये राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, त्या राजाच्या अश्रूंनी नव्हे, तर १९४५ च्या मतपेटीतून आलेल्या सरकारमुळे.

आपल्याकडे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. परंतु घराण्यापुढे मान तुकवण्याची सवय कायद्याने जात नाही. ती घालवण्याचे काम तुमचे-आमचे आहे.