जन्मास घालणाऱ्याचे उत्तरदायित्व



जालना हे देशाच्या बियाणे उद्योगाचे एक प्रमुख केंद्र. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथेच 'महिको'ची स्थापना केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्काराने गौरविण्यात आले. बियाण्याच्या पिशवीवर लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख छापलेली असते. बियाणे उगवले नाही, तर शेतकरी तक्रार करतो आणि तालुक्याची समिती बांधावर येऊन पंचनामा करते. दाण्यामागेही कोणीतरी उत्तरदायी असले पाहिजे, हे या जिल्ह्याला वेगळे शिकवावे लागत नाही. मग कुत्र्याचे जिवंत पिल्लू विकणाऱ्याला कोणीच काही का विचारू नये?

२००३ मध्ये 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे कुत्रे झळकले आणि घरोघरी त्याची मागणी सुरू झाली. चपट्या नाकाच्या या प्राण्याला जन्मतःच श्वासाचा त्रास असतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच ते शरीर थंड ठेवते. हिमप्रदेशातील हस्की मराठवाड्याच्या ४० अंशांपुढील उन्हात बांधून ठेवणे ही प्रतिष्ठा नव्हे, निव्वळ क्रौर्य आहे. मागणी आली की पैदास करणारे मादीला एकापाठोपाठ एक वेत घ्यायला लावतात. आईपासून अकाली तोडलेली पिल्ले पार्व्होसारख्या रोगाला सहज बळी पडतात, आणि वाचली तरी पुष्कळदा भित्री वा चिडखोर निपजतात.

कायदा मूक नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मादी किमान १८ महिन्यांची असावी, तिला वर्षातून एकच वेत आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेत नसावेत, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, अशा मर्यादाही त्यात आहेत. परंतु १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात पहिल्या अपराधाला दंड आहे तो १० ते ५० रुपये! एका पिल्लाच्या किमतीपुढे हा धाक कसला?

नफा एकाचा आणि भार समाजाचा, हे यातील मूळ अनौचित्य आहे. हौस फिटली, आजारपणाचा खर्च वाढला, की तेच 'जातिवंत' कुत्रे रस्त्यावर सोडले जाते. पुढे त्याची संतती वाढते. निर्बीजीकरणाचे दायित्व २०२३ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकले आहे. म्हणजे व्यय करदात्याचा आणि चाव्याचे भय रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना.

हिंदू परंपरेत श्वान उपेक्षित नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज आश्रयास आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढण्यास नकार देतो. ज्याने आश्रय दिला त्याने शेवटपर्यंत निभवावे, हा त्या प्रसंगाचा बोध. मग ज्याने स्वार्थासाठी जीव जन्मास घातला, त्याचे दायित्व किती मोठे!

स्वदेशीचा विचार येथेही लागू पडतो. मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयीन मेंढपाळ कुत्रा यांच्यावर भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकिटे काढली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून देशी श्वान पाळण्याचे आवाहन केले. ते योग्यच आहे. मात्र नोंदणी व शिस्तीविना मुधोळची पैदास झाली, तर त्या गुणी वाणाचीही तीच दुर्दशा होईल. 'स्वदेशी' हा शब्द क्रौर्यावरचे पांघरूण होता कामा नये.

कुटुंबांनी पिल्लू घेण्यापूर्वी त्याची आई प्रत्यक्ष पाहावी, नोंदणी व लसीकरणाचे कागद मागावेत; ते नसतील तर व्यवहारच करू नये. शक्य तिथे गल्लीतील गावठी पिल्लालाच घर द्यावे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक तालुक्यात अशा पैदाशीची माहिती घ्यावी आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी कार्यरत राहील, यासाठी जिल्हाधिकारी व पशुसंवर्धन खात्याकडे पाठपुरावा करावा. राज्यघटनेच्या ५१ क कलमाने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब याच जिल्ह्यात आहे. बियाण्याचा हिशेब मागणाऱ्या जालन्याने जिवाचाही हिशेब मागावा आणि तो मागण्याचा प्रारंभ प्रत्येकाने आपल्या उंबरठ्यापासून करावा.