हरताळाची काच आणि कामगाराचा श्वास



माझ्यासारख्या संघटनेच्या माणसाच्या तोंडी 'हरताळ' शब्द आला, की उद्या कुठल्या तरी गिरणीचे दार बंद राहणार, असे आपण धरून चालता. आज मी दुसऱ्या हरताळाविषयी बोलणार आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक पिवळ्या हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात खलून त्यावर फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला.

हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. ते बंद नळीत वितळवून निववले की त्याची काच होते. खिडकीच्या काचेत जिथे प्राणवायू असतो, तिथे या काचेत गंधक. गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम या भावंडांपासून होणाऱ्या काचांना चाल्कोजेनाइड काच म्हणतात. साधी काच ज्या अवरक्त किरणांना अडवते, त्यांतील पुष्कळसे या काचेतून आरपार जातात. १९५५ साली लेनिनग्राडच्या गोर्युनोवा आणि कोलोमिएट्स यांनी या काचा अर्धवाहक असल्याचे दाखवले. १९६८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी याच कुळातील काचेचा पातळ थर विजेच्या बटणासारखा वापरता येतो, असे प्रसिद्ध केले. हे गृहस्थ मूळचे लेथवर काम करणारे. कॉलेजची पायरी न चढलेले. माझेही शिक्षण कारखान्याच्या दारावरच झाले, म्हणून हे नाव आपणांस आवर्जून सांगितले.

आता या काचेचा थर द्यायचा कसा? रूढ रीत अशी, की बंद पात्रातील हवा पंपाने काढून टाकायची, काच तापवून तिची वाफ करायची आणि ती समोरच्या तबकडीवर बसू द्यायची. हे यंत्र महाग. १९८२ साली चर्न आणि लॉक्स यांनी निराळी वाट प्रसिद्ध केली. काचेची पूड अमाइन नावाच्या द्रवात विरघळवायची, द्रावण गाळायचे, त्याचे थेंब तबकडीवर टाकायचे आणि तबकडी मिनिटाला हजारो फेरे या वेगाने फिरवायची. कुंभाराच्या चाकासारखेच चाक, पण इथे माती वर चढत नाही. द्रावण बाहेर फेकले जाऊन मागे पातळ पापुद्रा उरतो. लेखनिकाची पूड पाण्यात नुसती तरंगत असे. इथे काच खरोखर विरघळते, हा भेद ध्यानात ठेवावा.

पण पापुद्र्यात अमाइन अडकून राहते, आणि ते राहिले तर तेच अवरक्त किरणांचा काही भाग गिळते. म्हणून थर आधी मंद आंचेवर आणि मग निर्वात भट्टीत, काच मऊ पडणार नाही अशा बेताने, तापवावा लागतो. घाई केली तर फोड येतात.

मोठी निर्वातयंत्रे ज्यांना परवडत नाहीत, अशा लहान प्रयोगशाळांना ही रीत वरदान आहे. तिला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच, की थरातून निघालेले अमाइन जाते कुठे? प्रोपिलअमाइन ४८ अंशांच्या आसपासच उकळते. त्याला अमोनियासारखा, कुजक्या मासळीसारखा वास. ते डोळे जाळते आणि चटकन पेट घेते. त्यात आर्सेनिकचा थर दमट हवेत उजेडात राहिला, तर त्यावर सोमल तयार होऊ शकतो. महागड्या पात्राला निदान झाकण होते. स्वस्त रीतीत आपण ते झाकण काढतो. मग धूर ओढून घेणारी बंद पेटी, हातमोजे आणि उरलेल्या विषारी पाण्याची विल्हेवाट यांचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. तो धरला नाही, तर तो कामगाराच्या छातीतून वसूल होतो.

एका कारखान्यात, नाव घेत नाही, द्रावकाच्या वासाची तक्रार केली तेव्हा आम्हांस रोज अर्धा लिटर दूध मंजूर झाले. दूध पोटात जाते, वास फुप्फुसात. पंखा मात्र मंजूर झाला नाही. वास्तविक धूर जिथे निघतो तिथेच शक्य तितक्या जवळ ओढून घ्यावा, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमातच लिहिले गेले होते.

द्रावक बदलता येत नाही, असेही कोणी सांगू नये. २००४ साली आय.बी.एम.मध्ये मिट्झी आणि सहकाऱ्यांनी याच नात्यातील एका पदार्थाचे थर हायड्रॅझिन वापरून केले. हायड्रॅझिन विषारी आणि स्फोटक. २०१३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील वेबर आणि ब्रुची यांनी अशा नऊ अर्धवाहकांसाठी हायड्रॅझिन टाळून अमाइन आणि थायॉल यांचे मिश्रण वापरून दाखवले. तेही काही गुलाबपाणी नव्हे. परंतु शोधले तर दुसरी वाट सापडते, एवढे त्यातून सिद्ध होते.

येथे विज्ञानाचे विद्यार्थी बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे: आपल्या प्रबंधात थराची जाडी लिहाल, खर्च लिहाल, त्याच पानावर, हे काम रोज आठ तास करणाऱ्याने कोणती हवा घ्यायची, तेही लिहा. ते आपण आरंभीच लिहिलेत, तर पुढे आम्हांला दुसरा हरताळ पाळावा लागणार नाही.