ड्रोनचे कागद आणि ताईचं नाव

छोट्या विमानाच्या पायलटला स्वतःचं लायसन, विमानाची नोंदणी आणि ते उडण्यालायक असल्याचा दाखला सोबत ठेवावा लागतो. आपला फवारणीचा ड्रोनही त्याच जातीचा. त्यालाही नोंदणी क्रमांक लागतो, थर्ड पार्टी विमा लागतो. उडवणाऱ्या ताईचं सर्टिफिकेट १० वर्षं चालतं, पण फक्त तिच्याच नावावर. “वहिनी, उन्हात कशाला? द्या इकडं, मी उडवतो,” असं दीर म्हणतात. प्रेमानंच म्हणत असतील! पण त्यांच्याकडे सर्टिफिकेट नसेल आणि ड्रोन कुणावर पडला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई गटाच्या बचतीतून. कागदांच्या प्रती ड्रोनच्या पेटीतच ठेवा. विम्याची मुदत बैठकीच्या वहीत आजच लिहा.