कारागिराला उधारी, शहराला रोख

(मौजे बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



हातचें काम टाकून तुम्ही येथें आलां आहां, तेव्हां लांबण लावून तुमचा वेळ घेणार नाहीं. आम्हांस एकाच गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. बोरीच्या शिवारांत जें पिकतें आणि बोरीच्या हातांनीं जें घडतें, त्यावर पोट कोणाचें भरतें?

आधीं कापसाचें घ्या. शंभर किलो कापूस तुम्ही टेंपोंत घालून नेतां. जिनिंगमध्यें त्यांतून रुई निघते तेहतीस ते पस्तीस किलो. बाकी बहुतेक सरकी. थोडी घट जाते. रुईच्या एकशेसत्तर किलोच्या गाठी बांधून त्या दूरच्या सूतगिरण्यांकडे रवाना होतात. तेथें सूत निघतें, पुढें कापड विणलें जातें, रंगतें, शिवलें जातें, आणि शेवटीं सदरा होऊन तो परभणीच्या दुकानांतून, नाहीं तर मोबाईलवर मागविलेल्या पिशवींतून, तुमच्याच घरीं येतो. सरकीचें तेल गाळून घेतात. पेंड राहते ती पोत्यांत भरून परत येथल्याच दुकानीं येते, आणि ज्याच्या रानांत ती सरकी पिकली तोच आपल्या म्हशीसाठीं ती विकत घेतो. कापूस देतांना भाव दुसऱ्यानें सांगितला, पेंड घेतांनाही दुसऱ्यानेंच सांगितला. मधल्या एकूण एक पायरीवर जी मजुरी वांटली गेली, ती बोरीबाहेरच्या हातांस मिळाली. तुरीचें तेंच. शंभर किलो तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते, आणि चुणी व टरफल जनावराच्या उपयोगी पडतें. पण आम्ही तूर पोत्यानें विकतों आणि डाळ किलोनें आणतों.

हें आजचें नव्हे. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी परभणीवरून सुरू झाली. तिनें आमचा कापूस मुंबईस पोहोंचविला हें खरें, आणि परतीच्या डब्यांतून गिरणीचें कापड आमच्या दारांत आणून टाकलें हेंही खरें. जोतीराव फुल्यांनीं त्याआधींच, १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, परदेशी यंत्रांचा माल येऊन येथले विणकर व इतर कारागीर कसे बुडाले आणि त्यांचा भार जमिनीवर कसा पडला, तें मांडून ठेविलें आहे. निजामाच्या राजवटींत नांदेडास उस्मानशाही कापडगिरणी उभी राहिली. मराठवाड्याच्या कापसास घराजवळ गिऱ्हाईक मिळालें आणि पुष्कळ घरांची चूल तीवर पेटली. ती गिरणी आज बंद आहे. कापूस मात्र पिकतोच आहे.

आतां कोणी म्हणेल, यांना यंत्र नको, यांना मागें चरख्यावर जावयाचें आहे. तसें नाहीं. मोबाईल बोरींत होणार नाहीं, ट्रॅक्टर बोरींत होणार नाहीं, आणि तो बाहेरून घेतला म्हणून कोणी पाप केलें असें आम्ही म्हणत नाहीं. नवें हत्यार आपलेंसें केल्यावांचून गांव वर येत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास त्यांस दोन वर्षें वाट पाहावी लागली. पुढें १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें आणि तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां करवीरच्या शाहू छत्रपतींनीं किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळविण्यासाठीं देऊन टाकिल्या. तोफेचा नांगर झाला! त्याच राजानें १८९५ सालीं गुळाच्या व्यापारासाठीं शाहूपुरी पेठ वसविली आणि १९०६ सालीं कोल्हापुरांत सूत व कापडाच्या गिरणीचा पाया घातला. राजा असून त्यास कळलें कीं माल पिकविणाऱ्याच्या जवळ त्याचा बाजार आणि त्याचा कारखाना पाहिजे. आपणांपाशीं तोफा नाहींत. पण रोजच्या खरेदीचा रुपया आपल्या हातांत आहे, आणि तो कोणाच्या हातीं द्यावयाचा हें ठरविण्यास राजाची परवानगी लागत नाहीं.

येथें बलुत्याविषयीं दोन शब्द बोललेंच पाहिजे, कारण आमच्या बोलण्याचा उलटा अर्थ कोणी काढील. पूर्वीं सुतार तिफण भरून देई, लोहार फाळ शेवटून देई, चांभार मोट शिवी, मांग नाडे वळी, आणि खळ्यावर प्रत्येकास पेंढी व पायली मिळे. ती पद्धत गेली याचें आम्हांस दुःख नाहीं. तींत कारागिराच्या कामाची किंमत कारागीर ठरवीत नव्हता, आणि बापाचा धंदा मुलाच्या गळ्यांत जन्मतः बांधला जात होता. खळ्यावर हात पसरून उभें राहावें लागे, आणि कोणी किती दूर उभें राहावें हेंही ठरलेलें असे. तें परत येऊं नये. आम्हांस पाहिजे तें असें कीं सुताराच्या मुलानें सुतारकी करावी कीं शिक्षक व्हावें हें त्यानें ठरवावें, मराठ्याच्या किंवा वंजाऱ्याच्या मुलीनें शिलाईचें दुकान टाकलें तर कोणी नाक मुरडूं नये, आणि जो काम करील त्याला कामाचा पुरा पैसा हातावर मिळावा.

पण हातावर मिळतो का? मंडळी, खरें दुखणें येथें आहे. बलुतें गेलें आणि त्याच्या जागीं उधारी आली. बलुत्यांत वर्षाकांठीं तरी दाणे पडत. उधारीला कांठ नाहीं. एका सुतारबंधूनें आम्हांस आपली वही दाखविली. दोन वर्षांपूर्वींचीं नांवें तींत तशींच आहेत: चौकट, दिवाण, देवघर, वखराचा दांडा. ज्या घरांनीं ही उधारी ठेविली त्यांपैकीं कित्येकांनीं त्याच काळांत शहरांतून फ्रिज आणला, सोफा आणला, आणि तेथें रोख पैसे मोजले, नाहीं तर हप्ता लावून दर महिन्यास न चुकतां भरला. शहरचा दुकानदार ओळखीचा नाहीं म्हणून त्याला रोख. सुतार रोज रामराम घालतो म्हणून त्याला ‘देऊं कीं, कोठें पळून चाललों!’ आम्ही त्या वहींतलीं नांवें येथें वाचणार नाहीं. तीं माणसें या सभेंतच बसलीं आहेत.

त्या उधारीनें काय होतें तें पाहा. सुताराजवळ लांकूड घेण्यास भांडवल राहत नाहीं. तो वखारीवाल्याकडून उधार आणतो, तेथें त्याला दोन पैसे जास्त पडतात, म्हणून त्याचा दिवाण महाग होतो. मग आपण म्हणतों, गांवचा माल महाग आणि शहरचा स्वस्त. महाग केला कोणी? शेवटीं तो दुकानाला कुलूप लावून पुण्याच्या बाजूस कंत्राटी कामगार म्हणून निघून जातो. गांवांत दार मोडलें कीं मग आपण जिंतूरच्या माणसाची वाट पाहतों, त्याच्या गाडीभाड्यासकट. कोणी खरोखर अडचणींत असेल तर त्याची गोष्ट वेगळी. पीक बुडालेल्या वर्षीं कारागीर थांबतो, तो आजवर थांबतच आला आहे. आम्ही बोलतों तें पैसा असून न देणाऱ्याविषयीं.

स्वस्ताईचा हिशोबही एकदां नीट करावा. नायलॉनची दोरी स्वस्त मिळते, पण तिनें बैलाचें नाक कापतें, आणि मग औषधाला पैसे जातात. बाजारांतला विळा चकचकीत दिसतो. त्याला पाणी बरोबर दिलेलें नसलें तर ज्वारीच्या दोन ओळींत त्याची धार वळते, आणि विकणारा तर पुढच्या गांवीं गेलेला असतो. लोहार कोठें जाणार? त्याच्या तोंडावर विळा नेऊन टाकतां येतो. माल घडविणारा दाराशीं असण्याचा हाच मोठा फायदा आहे.

करडईचें एक उदाहरण देतों, कारण तें आपल्या जिल्ह्याचें आहे. परभणीचें कृषी विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें, आणि त्यानें ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण दिला. शंभर किलो करडईंत तेल अठ्ठावीस-तीस किलोंच्या घरांत असतें. लाकडी घाण्यावर त्याहून कमी निघतें, पण राहिलेलें तेल पेंडींत राहतें, आणि पेंड आपल्या जनावराच्या पोटांत जाते. पूर्वीं गांवोगांवीं घाणे होते. आज जो कोणी पुन्हां घाणा टाकील त्याला अडचण एकच: वर्षभर पुरेल इतकी करडई आणि वर्षभर टिकेल इतकें गिऱ्हाईक. करडई पेरणारे आपण, तेल खाणारे आपण. पांच-पंचवीस घरांनीं पेरणीच्या आधीं बसून ‘इतकी करडई घाण्यावर घालूं, इतकें तेल घेऊं’ असें ठरविलें, तर घाणेवाल्याला बँकेंत कर्ज मागतांना काय दाखवावें हा प्रश्न पडणार नाहीं. शेजारचें वसमत पाहा. १९९९ पर्यंत तें आपल्याच जिल्ह्यांत होतें. तेथील हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. नांव झालें, चांगलें झालें. आतां ती हळद कांडून पुडी बांधण्याची मजुरी तेथल्याच बायकांच्या हातीं किती राहते, तेवढें पाहावयाचें.

आतां सरकारी खरेदीकडे वळूं. २०२४-२५ या शालेय वर्षीं सरकारनें सरकारी शाळांच्या गणवेशाचें कापड सगळ्या राज्यासाठीं एकत्र घेण्याचें ठरविलें. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी पुष्कळ ठिकाणीं गणवेश पोहोंचला नाहीं, आणि पोहोंचला तेथें एकाची बाही लांब, दुसऱ्याची विजार तोकडी अशा तक्रारी आल्या. शिवणाऱ्या बायांचा यांत दोष नव्हता. ज्या पोराचें माप घ्यावयाचें तें पोरच त्यांच्या दृष्टीस पडलें नव्हतें. डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें तो निर्णय फिरविला, आणि २०२५-२६ पासून हें काम पुन्हां शाळा व्यवस्थापन समितीकडे आलें. एका गणवेशास तीनशें रुपये, मुलामागें दोन गणवेश. ही समिति म्हणजे कोण? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें तिचे शंभरांतले पंचाहत्तर सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. म्हणजे तुम्हीच. मग शहरच्या दुकानांतून तयार गठ्ठा कां आणावा? येथें शिंपी आहेत, यंत्र घेऊन बसलेल्या बाया आहेत. मुलगा उभा करून माप घेतां येईल, आणि उसवलें तर दुसऱ्या दिवशीं टांका घालून मिळेल.

असेंच झेंड्याचें झालें. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिति राष्ट्रध्वज तयार करते, त्याच्या खादीवर आपल्याच भागांतले हात राबतात. ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत दुरुस्ती होऊन पॉलिएस्टरच्या व यंत्रावर केलेल्या झेंड्यांस मुभा मिळाली. मुभा आहे, सक्ति नाहीं. ग्रामपंचायतीनें पुढचा झेंडा घेतांना एवढें लक्षांत ठेवावें.

सरकारी योजनांचें थोडक्यांत सांगतों. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं, म्हणजे आपल्या मुक्तिदिनींच, विश्वकर्मा योजना सुरू झाली. तींत अठरा धंदे आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी, टोपल्या-झाडू करणारे वगैरे. हत्यारांसाठीं पंधरा हजार, आणि पांच टक्के व्याजानें आधीं एक लाख व तें फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, असें तिचें स्वरूप आहे. विणकर आणि तेली त्या अठरांत नाहींत, हें आम्हांस मुळींच पटलेलें नाहीं. नोंदणीस पैसे पडत नाहींत. कोणी मागितले तर देऊं नका. आणि २००६ च्या कायद्याप्रमाणें, उद्यम नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचें बिल पंचेचाळीस दिवसांच्या आंत चुकतें केलें पाहिजे, नाहीं तर व्याज चढतें. कार्यालयास बांक-खुर्च्या करून देणाऱ्यांनीं ही नोंदणी अवश्य करावी.

कारागीर बंधूंनो, तुम्हांलाही सुनावल्यावांचून आम्ही खालीं बसणार नाहीं. ‘सोमवारीं देतों’ म्हणावयाचें आणि तीन सोमवार घालवावयाचे, हें बंद करा. लग्नाची चोळी लग्न झाल्यावर मिळाली तर ती बाई दुसऱ्यांदा तुमच्याकडे कां येईल? ओलें लांकूड वापरून सागवान म्हणून खपवूं नका. मजुरी आधीं सांगा, ती पाटीवर लिहून दुकानावर लावा, आणि सगळ्यांना तीच घ्या, पाटलाला एक व सालगड्याला एक असें नको. गांवचा म्हणून वाईट माल घ्या, असें आम्ही कोणास सांगणार नाहीं.

शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद आज येथें आले आहेत. सभा संपल्यावर शिंपी मंडळी आणि शिलाई करणाऱ्या बाया पाराजवळ थांबणार आहेत, दोन गणवेश शिवून बरोबर आणले आहेत. शिवण उलटी करून पाहा, कापड हातांत घेऊन पाहा, मजुरी विचारा. आणि ज्यांची नांवें त्या वहींत आहेत त्यांनींही जरा थांबावें. सुतारबंधु वही घेऊन आले आहेत, आणि आज कोणी थोडे जरी दिले तरी ते लगेच खोडून पावती देतील.