कपाट भरलेलं, गल्ला रिकामा

आम्ही अंबडहून बोलतोय, नाशिकच्या एमआयडीसीशेजारच्या बचत गटांकडून.

आजचा विषय आहे कपड्यांचा धंदा. गटातून कर्ज घेऊन काय करणार, असं विचारलं की बऱ्याच जणी साड्या, ड्रेस मटेरियल नाहीतर गाऊन असंच सांगतात. ते चुकीचं नाही. स्वयंपाक-पाणी सांभाळून घरातून विकता येतं, आणि गिऱ्हाईक ओळखीचंच असतं. शिवाय आपण म्हणतो, भाजी संध्याकाळपर्यंत सुकते, कापड थोडंच नासतं?

इथेच फसायला होतं. कापडही नासतं, फक्त वास येत नाही. गेल्या वर्षीचा काठ यंदा कुणी मागत नाही. घडीवर पिवळी रेघ पडते, पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात. आणि माल जुना होत असताना व्याज मात्र रोज ताजं असतं.

हे फक्त आपल्यासारख्या लहानांचं होतं असं समजू नका. विशाल मेगा मार्टचं नाव तुम्ही ऐकलं असेल. राम चंद्र अग्रवाल यांनी ते उभं केलं. स्वस्त कपडे म्हणून लोक गर्दी करायचे. 2007 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. मग कर्ज काढून दुकानामागून दुकानं उघडली, न विकलेला माल साठत गेला, देणं वाढलं, आणि 2011 मध्ये धंदा दुसऱ्यांना विकावा लागला. पुढची गोष्ट ऐका. नव्या मालकांनी तेच नाव चालवलं आणि 2024 च्या डिसेंबरात विशाल मेगा मार्टचे शेअर पुन्हा बाजारात आले. म्हणजे गिऱ्हाईक होतंच. दुकान टिकलं, पण ज्यानं उभं केलं त्याच्या हातून गेलं.

मुंबईच्या किशोर बियाणी यांचंही तसंच. 1997 मध्ये त्यांनी पहिलं पँटलून्स दुकान उघडलं, 2001 मध्ये बिग बझार सुरू केला. 2012 मध्ये कर्ज हलकं करण्यासाठी पँटलून्स आदित्य बिर्ला समूहाकडे द्यावं लागलं. तरी उरलेल्या धंद्यावर कर्ज पुन्हा चढलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये विक्री बसली, दुकानांची भाडी थकली, धंदा विकायचा सौदा कोर्टात अडकला. 2022 मध्ये बिग बझार चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पँटलून्सची दुकानं आजही चालू आहेत, मालक वेगळे आहेत.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. दुकान विक्री नाही म्हणूनच बंद पडतं असं नाही. उसना पैसा मालात अडकला, तरी ते बंद पडतं.

आता आपला हिशेब करू. वही-पेन घ्या. समजा, एका ताईनं गटातून 40,000 रुपये घेतले, शेकडा 2 रुपये महिना व्याजानं. सुरतेहून 400 रुपयांच्या 100 साड्या आणल्या. विकायचा भाव 520. दिवाळीपर्यंत 70 विकल्या. ताई म्हणते, साडीमागे 120 सुटले, म्हणजे 8,400 नफा. पण 70 साड्यांचे आले 36,400. मुद्दलच अजून निघालं नाही! ते निघतं सत्याहत्तराव्या साडीला. त्यातही 20 साड्या उधारीवर गेल्या असतील, तर हातात फक्त 26,000. व्याज महिन्याला 800. प्रवासखर्च आणि घरातल्यांनी नेसलेल्या दोन साड्या अजून धरल्याच नाहीत.

आणि हा पैसा तिच्या एकटीचा नाही. तिचा हप्ता थकला की दहाजणींची बचत अडकते. कुणाच्या मुलीची फी, कुणाचं बाळंतपण त्याच पैशावर असतं. बँकेत गटाचं नाव खराब झालं तर पुढचं कर्ज सगळ्यांचंच अडतं.

तीच ताई 25 साड्या आणते असं धरा. थोडा माल म्हणून भाव महाग, 420 रुपये. लागले 10,500. एकविसाव्या साडीला मुद्दल सुटलं. चार राहिल्या तरी झोप उडत नाही. कुठला रंग, कुठला काठ चालला ते कळलं, पुढच्या खेपेला तोच आणायचा. साडीमागे 20 रुपये कमी मिळाले, ते शिकण्याची फी समजा.

म्हणून चार गोष्टी सांगतो. पहिली, आधीच्या खेपेचं मुद्दल सुटल्याशिवाय दुसरी खेप नाही. घाऊक दुकानदार "अजून घ्या, पैसे नंतर द्या" म्हणाला तरी नाही. तेही कर्जच आहे.

दुसरी, तीन महिने पडलेली साडी मुद्दलात काढा. 400 ला घेतली तर 400 ला द्या. कपाटात ती 520 ची वाटते, पण गिऱ्हाईक घेत नाही तोवर तिची किंमत शून्य.

तिसरी उधारी, आणि ही सगळ्यात अवघड. जाऊबाई, नणंद, शेजारीण, नाही कुणाला म्हणायचं? तर नाही म्हणू नका, नियम सांगा: "अर्धे आत्ता, अर्धे पगाराला, आणि आधीचे फिटल्यावरच दुसरी साडी." नियम गटाचा आहे म्हणा, म्हणजे वाईटपणा एकटीवर येत नाही. आमच्याकडे कंपनीतले पगार महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत होतात, वसुली तेव्हाच होते. तुमच्याकडे कांद्याचे पैसे, दुधाचं बिल कधी येतं ते बघून तारीख ठरवा.

चौथी, गाळा भाड्यानं घ्यायची घाई नको. लग्नसराई आणि दिवाळी सोडून उरलेल्या महिन्यांत विक्री किती होते, ते वर्षभर लिहा. मंदीच्या महिन्यातही भाडं निघेल असं दिसलं, तरच गाळा.

येत्या बैठकीत एवढं करा. कपड्यांचा धंदा करणाऱ्या प्रत्येकीनं तीन आकडे सांगायचे: कपाटात किती रुपयांचा माल, बाहेर किती उधारी, हातात किती रोख. पहिले दोन मोठे आणि तिसरा लहान असेल, तर तिला रागावू नका. तिचा माल दहाजणींनी आपापल्या ओळखीत विकून द्या. गट असतो तो याचसाठी.