महापौराची खुर्ची



महापौर हा नगराचा पहिला नागरिक. मान त्याचा, पण कारभाराची किल्ली आयुक्ताच्या हाती, आणि आयुक्ताला नेमते राज्य सरकार. हे दुखणे ज्यांना आतून ठाऊक होते, असे एक गृहस्थ म्हणजे कै. मनोहर जोशी. कोकणातील नांदवी गावी १९३७ साली गरीब घरात जन्म, १९७६ साली मुंबईचे महापौर, आणि १९९५ साली राज्याचे मुख्यमंत्री!

त्यांच्याच कारकीर्दीत १९९८ साली मुंबई व नागपूर येथे ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धत आली. कारभाराचे अधिकार महापौर व त्याच्या सहकाऱ्यांकडे गेले. परंतु जानेवारी १९९९ मध्ये जोशी पायउतार झाले, आणि त्याच वर्षी ती पद्धतही मोडीत निघाली.

आपली वसई-विरार महानगरपालिका २००९ सालची. २०२० मध्ये मुदत संपल्यावर पुढे काही वर्षे येथे प्रशासकच होता. गाऱ्हाणे सांगायला आपण निवडलेला माणूस सभागृहात नव्हता.

तेव्हा, नगरातला माणूस मंत्रालयात पोचला की हार अवश्य घालावेत, पण हार घालता घालता एवढे विचारावे, “आपण सोडून गेलात त्या खुर्चीसाठी वर जाऊन काय केलेत?” जोशींपाशी त्याला एक उत्तर होते. ते टिकले नाही, ही गोष्ट निराळी.